रोम नगरीचा टिपणकार : थोरला प्लिनी

रोम नगरीचे नाव आपल्या ख्रिस्ती घरांतून लहान मुलांच्याही कानांवरून गेलेले असते. प्रेषित पेत्र व पौल ह्यांनी आपल्या श्रद्धेसाठी जेथे प्राण वेचले ती नगरी म्हणून तिचे आपणांस अगत्य वाटते. परंतु त्या काळी ही नगरी केवढी होती, तिथले लोक पाणी कोठून आणीत, पाव कोण भाजी, वेळ कशावरून ओळखीत, हिंदुस्थानाविषयी त्यांस काय ठाऊक होते, असे कोणी विचारल्यास आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. ह्या गोष्टी ज्या थोड्या ग्रंथकारांमुळे आज आपणांस कळतात त्यांत एकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तो म्हणजे थोरला प्लिनी होय. तो ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती लोकांविषयी त्याने आपल्या ग्रंथात चकार शब्दही लिहिलेला नाही. तथापि तो प्रेषितांच्या काळात वावरला, आणि त्याचा अंत अशा रीतीने झाला की, त्याचे चरित्र वाचून कोणाही ख्रिस्ती माणसाने क्षणभर विचारात पडावे.

त्याचे पूर्ण नाव गायस प्लिनियस सेकुंडुस. उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या काठी नोव्हुम कोमुम नावाचे गाव होते, तेथे इ. स. २३ किंवा २४ साली त्याचा जन्म झाला. रोमच्या गादीवर त्या वेळी कैसर तिबेरियस होता, आणि प्रभू येशूने आपल्या प्रकट कार्यास अद्याप आरंभ केलेला नव्हता. प्लिनीचे घराणे सरदार-सभासदांच्या खालच्या, परंतु सधन व प्रतिष्ठित अशा अश्वारोही वर्गातले. शिक्षणासाठी तो लहानपणीच रोमला आला. पुढे तरुण वयात त्याने जर्मनीच्या सरहद्दीवर घोडदळाचा अंमलदार म्हणून काही वर्षे चाकरी केली. लढाईच्या छावणीतही त्याची लेखणी थांबली नाही. घोड्यावरून भाला कसा फेकावा ह्यावर त्याने एक लहान पुस्तक लिहिले. तसेच जर्मनीतील युद्धांचा इतिहास वीस भागांत लिहून काढला. पूर्वीच्या युद्धात मरण पावलेला द्रुसुस हा सेनापती स्वप्नात येऊन आपले स्मरण राखण्याविषयी विनवीत होता, म्हणून त्याने हा इतिहास हाती घेतला, असे त्याच्या भाच्याने नमूद केले आहे.

नीरो कैसराच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे मोठी कठीण होती. राजकारणावर मोकळेपणे लिहिणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. प्लिनीने त्या दिवसांत व्याकरणातील संशयास्पद शब्दरूपांवर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात कैसराला राग येण्याजोगे काही नव्हते. इ. स. ६९ साली व्हेस्पाशियन गादीवर आल्यावर त्याचे दिवस पालटले. नव्या कैसराने त्यास परप्रांतांत महसुलाचा कारभारी नेमले. त्यांपैकी स्पेनमधील त्याची नेमणूक निश्चित माहीत आहे. तेथे डोंगर पोखरून व पाण्याच्या लोंढ्याने ते फोडून सोने काढण्याचे काम चाले. अंधाऱ्या भुयारांत महिनोन्महिने सूर्य न पाहणाऱ्या मजुरांचे वर्णन त्याने केले आहे, आणि ते वाचताना सोन्याविषयी लोभ वाटण्याऐवजी खेदच वाटतो.

त्याच्या उद्योगीपणाची हकीकत त्याच्या भाच्याने एका पत्रात सांगितली आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून तो रात्र सरण्याच्या आत दिवा लावून कामास बसे. पहाट होण्यापूर्वीच तो कैसराच्या भेटीस जाई, कारण व्हेस्पाशियनही रात्री काम करणाराच होता. सरकारी काम आटोपून घरी आला की पुन्हा वाचन. जेवताना गुलाम पुस्तक वाचून दाखवी. स्नानानंतर अंग चोळले व पुसले जात असतानाही वाचन चालू राही. प्रवासात लेखनिक सदैव बाजूला बसलेला असे, आणि थंडीने त्याचा हात आखडून लेखन खोळंबू नये म्हणून हिवाळ्यात त्याच्या हातांत मोजे घातलेले असत. एकदा जेवणाच्या वेळी वाचकाने एका शब्दाचा उच्चार चुकीचा केला म्हणून एका स्नेह्याने त्यास थांबवून तो शब्द पुन्हा म्हणावयास लावले. प्लिनीने त्या स्नेह्यास विचारले की, अर्थ कळला होता ना? होय म्हणताच, मग दहा ओळींचे नुकसान कशाला केले, असे म्हणून तो नाराज झाला. रोम शहरात तो पालखीवजा खुर्चीतून फिरे, म्हणजे वाटेतही वाचता येई. भाचा पायी हिंडतो आणि वेळ फुकट दवडतो ह्याचे त्यास वाईट वाटे. ह्या उद्योगाचे फळ म्हणजे दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेली १६० टिपणवह्यांची रास, जी तो मरताना भाच्यासाठी ठेवून गेला. त्या वह्यांची संख्या बरीच कमी होती त्या काळीसुद्धा स्पेनमधील एका गृहस्थाने त्या ४ लाख सेस्टर्सना मागितल्या होत्या. त्याने दिल्या नाहीत.

त्याच्या हयातीतला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे निसर्गेतिहास. त्याचे ३७ भाग असून इ. स. ७७ साली तो व्हेस्पाशियनचा पुत्र टायटस ह्यास अर्पण करण्यात आला. आकाश, पृथ्वी, माणसे, पशुपक्षी, झाडे, औषधी, धातू, रत्ने, चित्रे व मूर्ती असे सर्व विषय त्यात आले आहेत. सुमारे दोन हजार ग्रंथ चाळून वीस हजार लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी आपण गोळा केल्या, असा हिशेब त्याने प्रारंभी दिला आहे. त्याहून विशेष गोष्ट ही की, कोणती माहिती कोणाकडून घेतली त्या ग्रंथकारांच्या याद्या त्याने प्रामाणिकपणे जोडल्या. इतरांचे घेऊन नाव न सांगणे ही त्यास चोरी वाटे.

आता ह्या ग्रंथातील रोम नगरी कशी दिसते ते पाहू. इ. स. ७३ साली झालेल्या मोजणीचे आकडे त्याने दिले आहेत. नगरीचा घेर १३ रोमन मैलांहून थोडा अधिक, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेएकोणीस किलोमीटर होता. आत सात टेकड्या, १४ पेठा, आणि लहान देवळी असलेले २६५ चौक होते. मुख्य चौकात सोन्याचा मैलस्तंभ उभा होता. तो कैसर औगुस्तुसने इ. स. पूर्व २० साली बसविला, आणि प्लिनीने वेशींपर्यंतची अंतरे तेथूनच मोजून दिली आहेत. आपल्या जामच्या चौरस्त्यावर उभे राहिले असता एक रस्ता नागपूरकडे, दुसरा हिंगणघाटावरून हैदराबादकडे व तिसरा चंद्रपूरकडे गेलेला दिसतो, आणि प्रत्येकावरील दगड कोणत्या ना कोणत्या शहराचे अंतर सांगतो. रस्ते बांधावे व त्यांवर अंतराचे दगड रोवावे ही रीत रोमन लोकांनी फार काटेकोरपणे पाळली होती. अशाच एका रस्त्याने, इ. स. पूर्व ३१२ साली बांधावयास घेतलेल्या आप्पियुस मार्गाने, बंदिवान पौल रोमला पोहोचला.

परंतु प्लिनीला राजवाड्यांपेक्षा गटारे अधिक आश्चर्याची वाटली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्राचीन राजा तार्क्विनियसने बांधविलेली दगडी भुयारी गटारे आपल्या काळापर्यंत सुमारे ७०० वर्षे टिकली, वरून ओझी ओढत नेली, भूकंप झाले, तरी ती ढासळली नाहीत, असे तो कौतुकाने लिहितो. औगुस्तुसचा सहकारी आग्रिप्पा ह्याने सात प्रवाह त्यांत सोडून ती धुऊन काढली होती. पाण्याचे पाटही त्यास तितकेच अपूर्व वाटत. कैसर क्लौदियुसने पुरा केलेला पाट ४० मैलांवरून पाणी आणी, आणि ते इतक्या उंचीवर आणी की सातही टेकड्यांवर ते पोहोचे. सार्वजनिक स्नानगृहे, तळी, घरे, बागा ह्यांना पुरणारे हे पाणी, त्यासाठी उभारलेल्या कमानी व फोडलेले डोंगर पाहिले म्हणजे साऱ्या जगात ह्याहून नवल करण्यासारखे काही नाही, असा त्याचा अभिप्राय होता. घोड्यांच्या शर्यतींच्या मोठ्या रिंगणात अडीच लाख माणसे बसत, हेही त्याने नोंदविले आहे.

ह्या बलाढ्य लोकांचे पूर्वज किती साधे होते हे सांगण्यात त्यास विशेष गोडी वाटे. शहर वसल्यावर ५८० वर्षांपर्यंत रोममध्ये पाव भाजून विकणारा भटारीच नव्हता. घरोघर बायकाच पाव भाजीत. न्हावी इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सिसिली बेटावरून आले; तोपर्यंत सर्वांनी दाढ्या राखलेल्या असत. पहिला ग्रीक वैद्य इ. स. पूर्व २१९ साली आला. प्रथम त्याचा मोठा सन्मान झाला, परंतु कापण्या-डागण्याचा त्याचा सपाटा पाहून लोक त्यास कसाई म्हणू लागले. सर्वांत मौजेची कथा छायायंत्राची आहे. इ. स. पूर्व २६३ साली सिसिलीतील एक शहर जिंकून आणलेले छायायंत्र रोमच्या चौकात बसविण्यात आले. ते दूर दक्षिणेच्या गावासाठी आखलेले असल्यामुळे रोममध्ये त्याच्या रेषा वेळेशी जुळत नव्हत्या. तरी पुरी ९९ वर्षे लोक त्याच चुकीच्या वेळेने वागत राहिले! पुढे इ. स. पूर्व १५९ साली पाण्याची घटिका आली, आणि ढगाळ दिवशी व रात्रीही वेळ कळू लागली.

हिंदुस्थानाचे नाव ह्या ग्रंथात वारंवार येते. मिसर देशातून भर उन्हाळ्यात निघालेली जहाजे मोसमी वाऱ्याच्या बळावर अरबस्तानाच्या टोकावरून ४० दिवसांत मलबारच्या मुझिरिस बंदरास पोहोचत, व हिवाळ्यात उलट वाऱ्याने परत फिरत, हे त्याने तपशीलवार दिले आहे. मिरीमध्ये ना गोडी ना रूप, केवळ तिखटपणासाठी लोक ती इतक्या दुरून आणतात, ह्याचे त्यास नवल वाटे. काळी मिरी पौंडास ४ दिनार, पांढरी ७, आणि पिंपळी १५ दिनार असा त्या वेळचा भाव होता. एक दिनार म्हणजे शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुरास मिळालेली एका दिवसाची मजुरी, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या भावाचा अर्थ कळेल. हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि त्याबद्दल पाठविलेला माल इकडे शंभरपट किमतीला विकला जातो, अशी त्याची तक्रार होती. लोलिया पाउलिना नावाची एक धनिक स्त्री साध्या वाङ्निश्चयाच्या जेवणास ४ कोटी सेस्टर्सचे मोती व पाचू अंगावर घालून आली होती. ते धन परप्रांतांच्या लुटीतून आलेले होते, हे सांगावयास तो विसरला नाही. थोड्या धनिकांच्या हाती गेलेल्या अफाट जमिनींनी इटलीचा नाश केला, असेही त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. शेतकऱ्यांच्या ह्या मुलखात त्या वाक्याचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

ह्या व्यापारात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा होता. त्याच शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासपुस्तकात पैठणहून रंगीत दगड, आणि तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथून पुष्कळ कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असे लिहिले आहे. कोल्हापूर येथे ब्रह्मपुरीच्या टेकडीत समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती सापडली, ती पश्चिमेकडूनच आलेली. उलट १९३८ साली इटलीतील पोंपेई शहराच्या राखेतून हस्तिदंताची एक हिंदी स्त्रीमूर्ती निघाली. ती जेमतेम वीतभर उंच असून नेपल्सच्या संग्रहालयात ठेविली आहे. तिच्याशी पुष्कळ साम्य असलेल्या मूर्ती तेर येथे व जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. कोणा मराठवाडी कारागिराच्या हातची कलाकृती सागर ओलांडून गेली असावी, असे अनेक विद्वानांस वाटते. ज्या राखेने ती मूर्ती झाकली, त्याच राखेने प्लिनीचा प्राण घेतला.

त्याच्या ग्रंथात दोष नाहीत असे नाही. ऐकीव गोष्टीवर तो सहज विश्वास ठेवी. हिंदुस्थानात कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत, आणि एकाच पायाची माणसे उन्हात उताणी पडून तोच पाय छत्रीसारखा डोक्यावर धरतात, असल्या कथाही त्याने जुन्या पुस्तकांतून उतरून घेतल्या. इकडचा एखादा शेतकरी त्यास भेटता तर पोट धरून हसला असता! परंतु ज्याने वीस हजार गोष्टी गोळा केल्या त्याच्या पदरात थोडा कोंडा येणारच.

आता त्याच्या अंताकडे वळू. इ. स. ७९ साली तो नेपल्सच्या आखातातील मिसेनुम येथे रोमन आरमाराचा प्रमुख होता. त्याची बहीण व तिचा सतरा वर्षांचा मुलगा त्याच्यापाशीच राहत होते. परंपरेने तो दिवस २४ ऑगस्टचा मानतात. पोंपेई येथे २०१८ साली सापडलेल्या कोळशाच्या एका लिखाणावरून तो ऑक्टोबरचा असावा असे आता पुष्कळांचे मत झाले आहे. दुपारी एकच्या सुमारास बहिणीने आकाशात एक विलक्षण ढग दाखविला. सरळ बुंधा वर जाऊन मग फांद्या पसरलेल्या छत्रीदार झाडासारखा तो दिसत होता. व्हेस्युव्हियस पर्वत फुटला होता. जवळून पाहण्याच्या इच्छेने प्लिनीने एक हलके गलबत सज्ज करविले, आणि भाच्यास बरोबर येण्याविषयी विचारले. भाचा अभ्यास करीत घरीच राहिला.

घरातून निघता निघता त्याच्या हाती एक चिठ्ठी आली. पर्वताच्या पायथ्याशी राहणारी रेक्टिना नावाची बाई भयभीत होऊन सोडविण्याची याचना करीत होती. समुद्राखेरीज तिला वाट उरली नव्हती. तत्क्षणी प्लिनीचा हेतू बदलला. जे जिज्ञासेने आरंभिले होते ते आता कर्तव्य झाले. त्याने मोठी गलबते समुद्रात लोटविली आणि जिकडून सर्व लोक पळत होते तिकडेच सुकाणू वळविले. गरम राख, हलके सच्छिद्र दगड, जळके गोटे गलबतांवर पडू लागले. तशातही तो दिसेल ते लेखनिकास सांगून टिपून घेववीत होता. पुढे किनारा ढासळून वाट अडली. सुकाणूवाल्याने परत फिरण्याची सूचना केली. त्याने ती मानली नाही, आणि स्ताबिया येथे पोंपोनियानुस ह्या स्नेह्याकडे गेला. घाबरलेल्या मित्रास धीर यावा म्हणून त्याने तेथे स्नान केले, आनंदाने जेवण केले, आणि खरोखरीच घोरत झोपला. अंगणात राख साचू लागली तेव्हा त्यास उठवावे लागले. डोक्यांवर उशा बांधून सर्वजण किनाऱ्यावर आले. दिवस उजाडला असताही तेथे काळोख होता, आणि समुद्र खवळलेला. चादरीवर पडून त्याने दोनदा गार पाणी मागून प्याले. गंधकाच्या वासाने सर्वजण पळू लागले. दोन गुलामांच्या आधाराने तो उठला आणि लगेच कोसळला. त्याची श्वासनलिका मुळातच दुबळी होती. पुन्हा उजेड पडल्यावर त्याचे शरीर सापडले, ते निजलेल्या माणसासारखे अक्षत होते. वय ५५ वर्षांचे होते. ज्या दोघांनी त्यास अखेरपर्यंत आधार दिला त्यांची नावे कोणीही लिहून ठेविली नाहीत.

मेल्यावर माणसाचे काहीही उरत नाही, जन्मापूर्वी जसे तसेच मरणानंतर, असे प्लिनीचे मत होते, आणि ते त्याने ग्रंथात उघड मांडले आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे, माणसाने माणसाच्या साह्यास जावे ह्यातच देवत्व आहे, असाही विचार त्याने लिहून ठेविला. पहिल्या मताशी आपला विरोध आहे. पुनरुत्थानाच्या आशेवरच आपली श्रद्धा उभी आहे. परंतु ज्यास मरणापलीकडे कसलीही आशा नव्हती, तो एका बाईच्या चिठ्ठीसरशी मरणाकडे निघाला. आणि आपण, ज्यांना ती आशा मिळाली आहे, शेजाऱ्याच्या हाकेला किती वेळा उठतो? हा प्रश्न त्याच्या चरित्रातून आपोआप निघतो, आणि तो टाळता येण्याजोगा नाही.

ह्या कथेला आणखी एक बाजू आहे. मामाने मृत्युपत्राने दत्तक घेतलेला तो भाचा पुढे धाकटा प्लिनी म्हणून प्रसिद्धीस आला. मामाच्या मरणाची सारी हकीकत त्यानेच इतिहासकार तासितुस ह्यास पत्राने कळविली. इ. स. ११२ च्या सुमारास तो आशिया मायनरमधील बिथुनिया प्रांताचा सुभेदार असता ख्रिस्ती लोक त्याच्यापुढे आणले गेले. ते ठरलेल्या दिवशी पहाटे एकत्र जमून ख्रिस्ताची देव म्हणून स्तोत्रे गातात, व चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, ह्याहून अधिक काही त्यास सापडले नाही. तरी जे आपल्या श्रद्धेवर ठाम राहिले त्यांस त्याने देहान्ताची शिक्षा दिली, आणि ख्रिस्तसभेच्या सेविका असलेल्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ करून जबानी घेतली. त्यांचीही नावे कोठे लिहिलेली नाहीत. विद्या, सौजन्य व नेमस्तपणा एवढ्यानेच अंतःकरणात न्याय येतो असे नाही, हे मामाच्या घरी वाढलेल्या ह्या सुशिक्षित भाच्यावरून दिसून येते.

तथापि काळाची करणी पाहा. रोमचे साम्राज्य लयास गेले. प्लिनीचे जर्मन युद्धांचे वीस भाग, व्याकरणाचे आठ भाग, त्या १६० वह्या, सर्व नष्ट झाले. निसर्गेतिहासाचे ३७ भाग मात्र राहिले, आणि ते राखण्यात ख्रिस्ती मठवासीयांचा हात फार मोठा होता. ज्या ग्रंथात त्यांच्या प्रभूचे नावही नव्हते, तो त्यांनी शतकानुशतके हातांनी नकलून जपला. १४६९ साली व्हेनिस येथे तो छापला गेला. छापखान्यातून निघालेल्या अगदी आरंभीच्या लॅटिन ग्रंथांत त्याची गणना होते.

वाचकहो, उपासनेच्या वेळी प्रेषितांच्या कृत्यांतील पौलाच्या रोमप्रवासाचा उतारा जेव्हा कानांवर पडेल, तेव्हा ती नगरी ध्यानी आणा : उंच कमानींवरून वाहणारे पाणी, भटाऱ्यांच्या भट्ट्या, मिरीचे दुकान, चौकाचौकांतील देवळ्या, आणि नावाविना राबणारे असंख्य गुलाम. पौलाने त्याच लोकांना नावाने हाक मारली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस त्याने ज्यांस सलाम सांगितला आहे त्यांत गुलामांना ठेवीत तशी नावे कित्येक आहेत. थोरल्या प्लिनीने नगरीचे दगड, रस्ते व पाणी मोजून ठेविले, त्याबद्दल त्याचे ऋण मानावे. तिथल्या माणसांची मोजदाद मात्र पौलाच्या पत्रात पाहावी.